इंग्रजीच्या तासाला मराठीचे काय करायचे?

मराठी शाळेतल्या नववीच्या इंग्रजीच्या पेपरांत एक वाक्य हमखास भेटते : 'ऑलदो ही वॉज इल, बट ही केम टू स्कूल.' तपासणारे 'बट'भोवती लाल गोल काढतात, अर्धा गुण कापतात, आणि पुढच्या चाचणीत तीच मुले तोच 'बट' पुन्हा लिहितात. गुण इंग्रजीत कापला जातो, पण चूक आलेली असते मराठीतून. आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो. एकटा 'जरी' वाक्यात लंगडतो. चिनी भाषेतही अशीच जोडी आहे आणि चिनी विद्यार्थीही इंग्रजीत हाच 'बट' लिहितात.

अशा वेळी शिक्षकाने काय करावे? आपल्याकडे दोन खुंट्या लागतात, इंग्रजीत एकच पुरते, हे सरळ 'जरी-तरी'चे नाव घेऊन सांगावे? की मराठीचा उच्चारही न करता इंग्रजी वाक्ये इतकी ऐकवावीत की तो 'बट' आपोआप गळून पडावा? परभाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी यावर गेल्या सव्वाशे वर्षांत जो अभ्यास झाला, त्यातला बराचसा या एका वादाभोवती फिरतो. शिकणाऱ्याच्या घरच्या भाषेला आधी वर्गाबाहेर काढले गेले, मग तिच्यावर खटला भरला गेला, मग बिनमहत्त्वाची म्हणून तिचे नावच कामकाजातून वगळले गेले. आता ती परत आली आहे, पण अजून दारातच उभी आहे.

आपल्या जुन्या पिढीला हा वादच विचित्र वाटला असता. 'तर्खडकर' हे आडनाव महाराष्ट्रात इंग्रजीच्या अभ्यासाचे दुसरे नाव होऊन बसले होते. त्यांच्या भाषांतर पाठमालेत मराठी वाक्यावरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून मराठी, असा सराव पानोपानी असे. शंभराहून अधिक वर्षे ती पुस्तके छापली आणि घोकली गेली. या वाटेने गेलेल्यांना लिहिता उत्तम येई, बोलताना मात्र घशात आवंढा येई, ही तक्रारही तितकीच जुनी.

युरोपात याच तक्रारीतून बंड उभे राहिले. १८८२ मध्ये विल्हेल्म व्हिएटर या जर्मन अध्यापकाने भाषाशिक्षणाने आता उलटे वळले पाहिजे, असे बजावणारी पुस्तिका काढली : आधी बोली, मग लेखन, सुटी वाक्ये नकोत, सलग मजकूर हवा. त्याच सुमारास अमेरिकेत मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांची भाषाशाळा निघाली होती. बर्लिट्झ आजारी पडले आणि त्यांनी नेमलेल्या निकोलस जोली या फ्रेंच मदतनिसाला इंग्रजीचा गंधही नव्हता; त्याने हातवारे करून, वस्तू दाखवून फ्रेंच शिकवले आणि विद्यार्थी चक्क बोलू लागले, अशी गोष्ट त्या संस्थेच्या परंपरेत सांगतात. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, तिच्यातला तपशील बोलका आहे. शिक्षकाला विद्यार्थ्यांची भाषा येत नव्हती. पुढे लंडनमध्ये दहा देशांतून आलेल्यांना एकाच वर्गात इंग्रजी शिकवायची वेळ आली तेव्हाही तसेच झाले. तिथे इंग्रजीखेरीज कोणती भाषा वापरणार? माझ्या मते 'फक्त इंग्रजीतून इंग्रजी' या तत्त्वाचा उगम निम्मा तरी या अडचणीत आहे. अडचणीची पद्धत झाली, पद्धतीचा सिद्धान्त झाला, आणि तो सिद्धान्त जहाजात बसून अशा देशांत आला जिथे शिक्षक आणि पन्नास मुले एकच भाषा बोलत होती.

सगळेच मात्र असे डोळे झाकून चालले नव्हते. ढाक्याच्या अध्यापक विद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिले. आपल्याकडच्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ते 'डॉ. वेस्ट पद्धती'मुळे ठाऊक असतात. वेस्ट यांनी एक व्यवहारी प्रश्न विचारला : बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात, त्यांच्या हाती काय उरते? विमा कंपन्यांचा 'सरेंडर व्हॅल्यू' हा शब्दच त्यांनी शिक्षणाला लावला. चार वर्षे 'गुड मॉर्निंग' म्हणायला शिकून शाळा सुटली तर पदरात शून्य. पण वाचायला शिकवले तर जेवढे आले तेवढे उपयोगी पडते. म्हणून आधी वाचन. सोपी वाचनपुस्तके मोजक्या शब्दांत लिहायची म्हणजे ते शब्द निवडायला हवेत, आणि या निवडीच्या कामातूनच पुढे १९५३ ची सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी आली. इंग्रजी शिकवण्यावरचे हे मूलगामी काम ऑक्सफर्डमध्ये नव्हे, ढाक्यात झाले, याचा आपल्याला विसर पडला आहे.

१९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलातील इंग्रजी शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, शिक्षक शक्यतो जन्माने इंग्रजी बोलणारा असावा, जितकी लवकर आणि जितकी जास्त तितकी उत्तम, इतर भाषा वापरल्या तर दर्जा घसरतो, ही तिथली सूत्रे पुढची अनेक वर्षे ठिकठिकाणच्या धोरणांत झिरपत राहिली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये भाषिक साम्राज्यवादावरच्या पुस्तकात या पाचही सूत्रांना 'भ्रम' म्हटले. त्यांचा राजकीय आरोप कुणाला अतिरेकी वाटेल, पण एक गोष्ट त्यांनी नेमकी पकडली : ही सूत्रे सिद्ध कुठेच झाली नव्हती, फक्त मानली गेली होती.

दरम्यान अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात वेगळेच वारे होते. चार्ल्स फ्राइज आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट लाडो घरच्या भाषेकडे दुर्लक्ष करायला तयार नव्हते. उलट सगळ्या अडचणींचे मूळ तिच्यातच आहे असे ते मानत. लाडोंच्या १९५७ च्या पुस्तकाचा गाभा असा : दोन भाषा शेजारी ठेवा, सारखे असेल ते सोपे जाईल, वेगळे असेल ते अवघड. यालाच व्यतिरेकी विश्लेषण म्हणतात. कागदावर हे इतके तर्कशुद्ध होते की त्या काळी भाषांच्या जोड्यांवर ढीगभर प्रबंध लिहिले गेले.

मराठीपुरते पाहिले तर हा तर्क कुठे चालतो आणि कुठे अडखळतो ते लगेच कळते. 'आजच' मधला 'च' इंग्रजीत 'टुडे ओन्ली' होऊन येतो, इथे लाडो जिंकले. पण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचे पाहा. मराठी कानाला हे दोन ध्वनी वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणजे अवघड जायला हवे, आणि जातेच. मात्र मराठी लेखनाने स्वतःहून एक युक्ती काढली आहे. आपण 'वॉच' लिहितो आणि 'व्हॅन' लिहितो. हिंदीत दोन्हींना साधा 'व' पुरतो. म्हणजे मराठी मुलाच्या हाती भेदाची खूण आधीच आहे. गंमत अशी की तीच खूण आपण 'व्हाय' आणि 'व्हेन'लाही लावतो, जिथे तो ध्वनी नाहीच. एकच 'व्ह' मदतीला येतो आणि खड्ड्यातही घालतो. भाषांच्या तक्त्यात अशा गोष्टी दिसत नाहीत, त्या शिकणाऱ्याच्या वहीत दिसतात.

वहीकडे पाहा, असे सांगणारा माणूस १९६७ मध्ये आला. पिट कॉर्डर यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात मांडले की चूक हा कचरा नसून पुरावा आहे. शिकणाऱ्याने आत्तापर्यंत कोणता नियम मनाशी बांधला आहे हे तीच सांगते. पाच वर्षांनी लॅरी सेलिंकर यांनी या अवस्थेला नाव दिले. शिकणारा जे बोलतो ते धड घरच्या भाषेत बसत नाही, धड इंग्रजीत बसत नाही. ती स्वतःचे नियम असलेली एक मधली भाषा असते. मला हा या क्षेत्रातला सर्वांत माणुसकीचा विचार वाटतो. चुकणारे मूल ढ नसते, ते हंगामी व्याकरणाने बोलत असते.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 'व्हॉट यू आर डूइंग?' हे वाक्य घ्या. आपण म्हणू, 'तू काय करतोयस?'चा हा साचा आहे. पण लंडन-न्यूयॉर्कमधली दोन-तीन वर्षांची इंग्रजी मुलेही कर्ता आणि सहायक क्रियापद यांची अदलाबदल न करता असेच प्रश्न विचारतात, आणि त्यांना मराठी येत नाही! हाच मुद्दा धरून हायडी डुले आणि मारिना बर्ट यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजी चुका तपासल्या. घरच्या भाषेचा स्पष्ट ठसा असलेल्या चुका शेकडा पाचांहूनही कमी भरल्या. १९७४ मध्ये त्यांनी स्पॅनिश आणि चिनी मुले शेजारी ठेवली; अनेकवचनाचा 'एस', 'आयएनजी', भूतकाळाचे रूप वगैरे गोष्टी दोघांनाही साधारण एकाच क्रमाने येत होत्या. निष्कर्ष काढला गेला की परभाषेचा क्रम शिकणाऱ्याच्या मनातच ठरलेला असतो, घरची भाषा त्यात फारशी ढवळाढवळ करत नाही.

स्टीफन क्रॅशन यांनी यावर इमला चढवला : समजेल असे आणि किंचित वरच्या पायरीचे इंग्रजी भरपूर कानावर-डोळ्यांवर पडू द्या, बाकी आपोआप होईल. त्यांच्यावर भरपूर टीका झाली आणि ती बरीचशी रास्त आहे. पण वाचनाबद्दल ते बरोबर होते. फिजी बेटांवरच्या खेडेगावातल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी गोष्टींची पुस्तके अक्षरशः ओतली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ती मुले नेहमीच्या पाठ्यपुस्तकावर शिकणाऱ्यांच्या स्पष्ट पुढे गेली. वेस्ट असते तर 'मी सांगत नव्हतो का' म्हणाले असते.

क्रमाचा सिद्धान्त मात्र पुढे तितका पक्का राहिला नाही. लुक आणि शिराई यांनी २००९ मध्ये जपानी, कोरियन आणि चिनी भाषकांवरचे जुने अभ्यास गोळा करून पाहिले, तर त्यांचा क्रम ठरलेल्या क्रमाशी जुळत नव्हता. अनेकवचन आणि 'ए-द' त्यांना उशिरा येत होते, कारण त्यांच्या भाषांत या गोष्टी तशा नाहीत. २०१६ मध्ये मुराकामी आणि अलेक्सोपूलू यांनी केंब्रिजच्या परीक्षार्थींच्या प्रचंड लेखनसंग्रहातून सात भाषांचे विद्यार्थी तपासले. घरच्या भाषेचा प्रभाव स्पष्ट होता, आणि सर्वाधिक 'ए-द'च्या बाबतीत. त्या सातांत जपानी, तुर्की, रशियन होत्या. भारतातली एकही भाषा नव्हती. या क्षेत्रात हे इतक्यांदा घडते की आता आश्चर्य वाटत नाही.

चुका मोजण्यातच एक फसगत आहे, हे जॅकलिन शाख्टर यांनी १९७४ सालीच दाखवले होते. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांनी संबंधी वाक्यांत फार कमी चुका केल्या. छान! पण नीट पाहिल्यावर कळले की ते अशी वाक्ये लिहीतच नव्हते. जे अवघड ते टाळले, आणि टाळलेल्याची चूक मोजता येत नाही. 'काल आलेला मुलगा' हे मराठीत तीन शब्दांत सहज म्हणणारा विद्यार्थी इंग्रजीत 'वन बॉय केम यस्टरडे. दॅट बॉय...' असे दोन तुकडे करतो, तेव्हा तोही हेच करत असतो. लाल पेनाला तिथे काहीच सापडत नाही.

पण घरची भाषा वर्गात नसली तरी डोक्यातून जाते का? याचे फार सुंदर उत्तर गिओम तिएरी आणि यान जिंग वू यांनी २००७ मध्ये दिले. इंग्रजी उत्तम येणाऱ्या चिनी लोकांना त्यांनी इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवल्या आणि अर्थ जवळचे आहेत का, एवढेच विचारले. काही जोड्यांत एक गुपित होते. 'ट्रेन' आणि 'हॅम' यांचा अर्थाने काही संबंध नाही, पण दोन्हींचे चिनी प्रतिशब्द एकाच चित्राक्षराने सुरू होतात. वाचणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या मेंदूतील विद्युतलहरींना मात्र होता. समोर फक्त इंग्रजी असताना आत चिनी जागी होत होती. म्हणजे वर्गाच्या दारावर 'मराठी बोलू नये' अशी पाटी लावता येते, मेंदूच्या दारावर नाही.

आता 'द'कडे वळतो, कारण मराठी शिक्षकाच्या सर्वांत कामाची गोष्ट मला इथे दिसते. मराठीत 'ए' नाही आणि 'द' नाही, त्यामुळे मराठी मुलाला ही कल्पनाच परकी असते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. 'मी डॉक्टर शोधतोय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतोय' ही दोन वाक्ये पहिलीतल्या मुलालाही वेगळी कळतात. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीक माणूस हवा आहे. हा फरक आपण 'ना'ने आणि 'ला'ने दाखवतो. मात्र तो इंग्रजीच्या फरकाशी तंतोतंत जुळत नाही. मराठीत बोलणाऱ्याच्या मनात विशिष्ट व्यक्ती असली की पुरते. इंग्रजीत 'द' यायला ती ऐकणाऱ्यालाही माहीत असावी लागते. तानिया आयोनिन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये रशियन आणि कोरियन भाषकांवर केलेल्या अभ्यासात नेमके हेच दोन निकष वेगळे काढले. त्यांच्या दोन्ही भाषांत 'ए-द' नाहीत, आणि ते विद्यार्थी विशिष्टता आणि निश्चितता यांत हेलकावे खात होते : मनात विशिष्ट माणूस असला की ऐकणाऱ्याला तो ठाऊक नसतानाही 'द' लावत. मराठी विद्यार्थीही असेच चुकत असणार, असा माझा तर्क आहे. फळ्यावर ही दोन मराठी वाक्ये लिहून सुरुवात केली तर दहा मिनिटांत जे समजेल, ते 'द'च्या वापराचे वीस नियम घोकून समजत नाही.

मराठीतून समजावल्याने फायदा होतो, याला पुरावा काय? आहे, पण माफक. बाटिया लाउफर आणि नॅनी गिर्साई यांनी इस्रायलमध्ये दहावीच्या तीन गटांना तेच शब्द तीन तऱ्हांनी शिकवले : एकाला अर्थावर लक्ष देऊन, दुसऱ्याला रूपावर लक्ष देणारे सराव देऊन, तिसऱ्याला हिब्रूशी तुलना आणि भाषांतर करून. तिसरा गट पुढे गेला. तियान आणि मकारो यांना चिनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत शब्दाचा अर्थ चिनीतून सांगण्याचा फायदा लगेच दिसला. पुढे मात्र तो टिकून राहिला नाही. वेल्समधल्या सी. जे. डॉडसन यांनी तर १९६७ मध्येच द्विभाषिक पद्धतीवर पुस्तक लिहिले होते : वाक्याचा अर्थ एकदा घरच्या भाषेत सांगून टाकायचा, मग सराव इंग्रजीत. आपल्या बी.एड.च्या पुस्तकांत ती 'द्विभाषिक पद्धती' म्हणून आहे. परीक्षेत तिच्यावर टीप येते, वर्गात ती वापरल्याचे कोणी कबूल करत नाही.

उलट बाजूही दुबळी नाही. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला दिवसभरात ती त्या एका तासातच ऐकू येते. तो तासही धड्याचे मराठी भाषांतर फळ्यावर उतरवून घेण्यात गेला, तर इंग्रजी शिकायची कधी? आपल्याकडच्या असंख्य वर्गांत खरे दुखणे हेच आहे. म्हणून 'मराठी हवी की नको' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. मराठीने अर्थाची गाठ सोडवावी आणि बाजूला व्हावे. गाठ सोडवायच्या नावाखाली सगळा तास खाऊ नये. किती मिनिटे, कुठे आणि कशासाठी, हे मोजणारे संशोधन हवे, आणि नेमके तेच कमी आहे.

भारतातून जगाला गेलेला एक प्रयोग इथे टाळता येणार नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या साध्या शाळांत व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून नुसती 'कामे' दिली : रेल्वेचे वेळापत्रक वाचा, नकाशावरून रस्ता शोधा. डोके अर्थात गुंतले की व्याकरण मागोमाग येते, ही धारणा. गटकार्य मात्र त्यांनी मुद्दाम टाळले, कारण मुले आपापसांत एकमेकांचे चुकीचे इंग्रजी ऐकून तेच पक्के करतील अशी त्यांना धास्ती होती. बेरेटा आणि डेव्हिस यांच्या १९८५ च्या मूल्यमापनात प्रत्येक गट आपापल्या पद्धतीच्या परीक्षेत सरस ठरला, आणि दोहोंना समान असलेल्या परीक्षांत प्रभूंचा गट पुढे राहिला. १९९० मध्ये प्रभूंनीच लिहिले की सर्वोत्तम पद्धत असे काही नसते. शिक्षकाला आतून पटलेली पद्धतच वर्गात जिवंत राहते. आपल्या प्रयोगाचा झेंडा न मिरवणारा संशोधक विरळाच.

'जितकी लवकर तितकी उत्तम' या सूत्राचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. इथे २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याच सुमारास कार्मेन मुन्योझ यांचा गट बार्सिलोनात एक नैसर्गिक प्रयोग अभ्यासत होता : तिथे शाळेत इंग्रजी सुरू करण्याचे वय अकरावरून आठवर आणले होते. तासांची संख्या सारखी धरून तुलना केली तेव्हा उशिरा सुरू करणारी मुले पुढे होती, आणि अभ्यास संपेपर्यंत लहान वयात सुरू करणाऱ्यांनी त्यांना गाठले नाही. लहान मूल भाषा चटकन उचलते हे खरे, पण त्यासाठी ती भाषा दिवसभर भोवती असावी लागते; आठवड्याच्या चार-पाच तासांत तो गुण कामाला येत नाही. इथल्या धोरणाने मात्र वयाचा विचार केला, तासाच्या आत काय चालते याचा केला नाही. शिवाय 'सेमी' आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. ही खास महाराष्ट्राची तडजोड आहे आणि पालकांत तिला मान आहे. 'सेमी'च्या वर्गात शिक्षक त्रिकोणाची व्याख्या इंग्रजीत वाचतात आणि 'म्हणजे बघा' म्हणून मराठीत फोड करतात. ओफेलिया गार्सिया वगैरे अभ्यासकांनी दोन भाषांच्या अशा वावराला मोठे नाव आणि सिद्धान्त दिला आहे. शिक्षकांच्या लेखी ती अजून चोरी आहे.

शालेय शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचता आली. त्यांपैकी ७३.५ टक्क्यांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्यांतला चौथा हिस्सा अक्षरांवरून जीभ फिरवतो आणि अर्थापर्यंत पोचत नाही. 'फक्त इंग्रजी'च्या वर्गात ही मुले दिसतच नाहीत, कारण अर्थ काय, असे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी विचारत नाही.

जेसन अँडरसन आणि एमी लाइटफूट यांनी भारतातल्या १६९ इंग्रजी शिक्षकांना प्रश्नावली दिली होती. इतर भाषा वर्गात येतात हे बहुतेकांनी मान्य केले. पण मुलांनी त्या वापराव्यात म्हणून जाणीवपूर्वक वाव देणारे थोडे निघाले. यात मला नवल वाटले नाही. 'जरी-तरी' फळ्यावर लिहून 'ऑलदो' समजावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. व्हरांड्यात तपासणीला आलेल्या साहेबांची चाहूल लागताच डस्टर फिरते, दोन्ही मराठी शब्द पुसले जातात आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, 'गुड मॉर्निंग, सर.'